डिजिटल ट्विन आणि अनात्मवाद

एखाद्या व्यक्तीचे लेखन, भाषणे, पत्रे व संभाषणे संगणकास पुरवून त्या व्यक्तीच्या धाटणीने उत्तरे देणारे यंत्र तयार करणे आता शक्य झाले आहे. अशा यंत्रास 'डिजिटल ट्विन', म्हणजे त्या व्यक्तीचे संगणकीय जुळे, असे नाव पडले आहे. आपल्यातील काही अभ्यासकांना या शोधात अनात्मवादाचा पुरावा दिसतो. भदंत नागसेनांनी राजा मिलिंदास रथाचा दृष्टान्त देऊन सांगितले की, चाके, आस, जू, दांडी यांच्याहून वेगळा असा रथ नसतो. त्याचप्रमाणे पंचस्कंधांहून वेगळा असा पुद्गल नसतो. मग सुटे भाग जुळवून यंत्रात माणूस उभा राहत असेल तर नागसेनांचेच म्हणणे सिद्ध झाले, असा हा युक्तिवाद आहे. तो ऐकावयास सुखद आहे खरा; परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते डिजिटल ट्विनच्या कल्पनेत अनात्मवाद नाही. तथागतांनी ज्या आत्म्याचा निरास केला तोच तेथे वेष पालटून परत आला आहे.

हे तपासण्यासाठी एका प्रयोगाचा विचार करू. डॅनियल डेनेट हे अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केलेले तत्त्वज्ञ. मन आणि चेतना हा त्यांचा विषय. एरिक श्विट्झगेबेल, डेव्हिड श्विट्झगेबेल व ॲना स्ट्रॅसर या तिघांनी डेनेट यांच्या संमतीने त्यांची पुस्तके व शेकडो लेख 'जीपीटी-३' या भाषा-प्रारूपास पुरविले. अशा प्रारूपाचे काम एवढेच, की आधी आलेल्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येण्याचा संभव अधिक हे ठरवीत जाणे. डेनेट यांचे लेखन पुन्हा पुन्हा गिरवून घेतल्यावर हे प्रारूप त्यांच्या वळणाची वाक्ये रचू लागले. मग डेनेट यांना दहा तात्त्विक प्रश्न विचारण्यात आले. यंत्रमानवाला श्रद्धा किंवा मते असू शकतील काय, हा त्यांतील एक. डेनेट यांनी उत्तरे लिहिली, यंत्राने प्रत्येक प्रश्नास चार उत्तरे दिली, आणि या पाचांतून खरे उत्तर ओळखावे असे परीक्षकांस सांगण्यात आले. डोळे मिटून बोट ठेवले तरी शंभरात वीस उत्तरे बरोबर यावीत अशी ही मांडणी होती.

डेनेट यांच्या विचाराचे पंचवीस जाणकार या परीक्षेस बसले. ते शंभरात ऐंशी वेळा तरी खरा डेनेट ओळखतील अशी संशोधकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते एकावन्न वेळाच ओळखू शकले. तत्त्वज्ञानाच्या सामान्य वाचकांचा आकडाही त्याच्या जवळपासच राहिला. स्वतः डेनेट यांनी यंत्राची बहुतेक उत्तरे बरी असल्याचे मान्य केले, काही निव्वळ निरर्थक ठरविली आणि मोजक्या उत्तरांखाली आपण विनासंकोच सही करू असेही म्हटले. हा निबंध पुढे 'माइंड अँड लँग्वेज' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांनी आपले यंत्र म्हणजेच डेनेट असा दावा कोठेही केलेला नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. दावा केला तो नंतरच्या बाजाराने.

परंतु या प्रयोगातून काय सिद्ध झाले? जाणकार फसू शकतात, एवढेच. मज्झिम निकायातील चूळहत्थिपदोपम सुत्तात तथागतांनी हत्तीच्या पावलाचा दृष्टान्त दिला आहे. अरण्यात मोठे पाऊल दिसले की कुशल शिकारी 'येथे मोठा गजराज आहे' असे लगेच म्हणत नाही. कारण मोठ्या पायांच्या हत्तिणीही असतात. उंच फांद्यांवरील घर्षण, दातांचे ओरखडे, मोडलेल्या डहाळ्या दिसल्या तरी तो थांबतो, माग काढीत जातो, आणि प्रत्यक्ष हत्ती दृष्टीस पडल्यावरच निर्णय करतो. डेनेट यांची पुस्तके हा पावलांचा माग आहे. यंत्राने त्या मापाचे पाऊल चिखलात उमटवून दाखविले. पाऊल हुबेहूब आहे याचा अर्थ तेथून हत्ती गेला असा होत नाही. या परीक्षेत खरे काय व खोटे काय याचा निर्णय कशाने झाला, हेही पाहावे. डेनेट हयात होते व त्यांनी स्वतः उत्तरे लिहिली होती, म्हणून. हत्ती समोर उभा होता.

येथे 'ट्विन' या शब्दाचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. हा शब्द कारखान्यातून आला. मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये मिशिगन विद्यापीठातील एका मांडणीत अशी कल्पना पुढे ठेवली की, प्रत्येक यंत्राबरोबर त्याची संगणकीय प्रतिकृती ठेवावी आणि मूळ यंत्राकडून तिला सतत माहिती मिळत राहावी. पुढे २०१० च्या सुमारास नासाच्या कामात 'डिजिटल ट्विन' हे नाव रूढ झाले. विमानाच्या इंजिनाचे तापमान वाढले की प्रतिकृतीतही ते वाढते. प्रतिकृतीचा अंदाज चुकला तर इंजिनच तो दुरुस्त करते. मूळ वस्तू चालू असणे आणि तिने प्रतिकृतीस क्षणोक्षणी सुधारणे, हा या जुळेपणाचा प्राण आहे. हे नाव माणसाला लावताना प्राण मागे राहिला आणि नाव तेवढे पुढे आले. मृत व्यक्तीच्या पत्रांतून उभे केलेले 'जुळे' कोण दुरुस्त करणार? इंजिन बंद पडल्यावर त्याच्या प्रतिकृतीला इंजिनाची प्रतिकृती म्हणणारा अभियंता आढळणार नाही.

योगायोगाची गोष्ट अशी की, स्वतःच्या जुळ्याविषयी डेनेट यांनी १९७८ मध्येच एक कथा लिहिली होती. 'व्हेअर ॲम आय?' हे तिचे नाव. कथानायक स्वतः डेनेट. एका धोक्याच्या कामगिरीसाठी त्यांचा मेंदू काढून दूर पात्रात ठेवला जातो व शरीराशी रेडिओने जोडला जातो. पुढे त्या मेंदूची संगणकीय प्रतिकृती तयार होते. शरीराकडून येणारा प्रत्येक संदेश मेंदू व प्रतिकृती या दोघांनाही एकाच क्षणी मिळतो, म्हणून दोघे एकाच लयीत चालतात. कळ फिरवून शरीराचा ताबा कधी याच्याकडे तर कधी त्याच्याकडे देता येतो आणि डेनेट यांना फरक जाणवत नाही. कथेच्या अखेरीस मात्र कळ फिरताच दुसरा बोलू लागतो. दोघांची लय केव्हाच सुटली होती आणि इतका काळ तो आत अडकून पडला होता, हे तेव्हा उघड होते. तत्त्वज्ञानाच्या वर्गांत ही कथा विनोद म्हणून वाचली जाते. प्रस्तुत लेखकास तीत भयच अधिक दिसते. कथेतील प्रतिकृतीला निदान वेदना होती, संज्ञा होती, शरीराकडून येणारा स्पर्श होता. २०२२ च्या यंत्राला मिळाली ती फक्त छापील पाने. पाच स्कंधांपैकी एकही त्या पानांतून यंत्रात उतरला नाही. उतरली ती स्कंधांनी मागे ठेवलेली अक्षरे. सुटे भाग जुळवून यंत्रात माणूस उभा राहिला असे म्हणणाऱ्यांनी ते भाग कोणते, हे आधी सांगावे. आपण रथ जोडल्याचे म्हणतो, पण हातात आहेत त्या रथाच्या चाकोऱ्या.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. 'मी' ही कोणतीही वस्तू नसून, आपण स्वतःविषयी जी कथा सांगत जातो तिचा कल्पित गुरुत्वमध्य म्हणजे 'मी', असे डेनेट यांचे प्रतिपादन होते. ते अनात्मवादाच्या किती जवळ आहे यावर बौद्ध विचाराच्या पाश्चात्त्य अभ्यासकांनी चर्चा केली आहे. पण गुरुत्वमध्य स्थिर नसतो. वजन हलले की तो हलतो. नागसेनांनी दिव्याच्या ज्योतीचा दृष्टान्त दिला तो याच कारणाने. पहिल्या प्रहराची ज्योत तीच मध्यरात्रीची नव्हे, आणि तिच्याहून सर्वस्वी वेगळीही नव्हे. तेल जळत राहते, वात जळत राहते, आणि त्या जळण्याची परंपरा म्हणजे दिवा. व्यक्ती म्हणजे अशी संतती आहे. डिजिटल ट्विन बनविणारा काय गृहीत धरतो? माणसाच्या बोलण्यामागे एक कायमचा साचा आहे, तो पुरेशा सामग्रीतून बाहेर काढता येतो, आणि एकदा काढल्यावर देह नसतानाही तो बोलत राहू शकतो. देहाहून वेगळे, न बदलणारे, देहानंतर उरणारे असे जे काही असेल त्याला आपल्या परंपरेत काय म्हणतात, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको. हा शाश्वतवाद आहे. साधन तेवढे नवे आहे.

यावर एक सबळ आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळणे उचित नाही. नागसेनांनीच आंब्याचा दृष्टान्त दिला आहे. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले आणि पकडला गेल्यावर तो म्हणाला की, बागवानाने लावले ते आंबे निराळे आणि मी नेले ते निराळे. राजा त्याला सोडून देईल काय? नाही, कारण नंतरचे आंबे आधीच्या आंब्यांपासूनच झाले. मग डेनेट यांच्या लेखनापासून झालेली यंत्राची वाक्येही त्याच झाडाची फळे का मानू नयेत? या दृष्टान्ताचे प्रयोजन ध्यानात घेतले की उत्तर सापडते. नागसेनांस आंब्यांची ओळख पटवावयाची नव्हती, जबाबदार कोण हे ठरवावयाचे होते. तोच प्रश्न यंत्राच्या वाक्याला विचारावा. अंगुत्तर निकायात तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. यंत्राच्या वाक्यामागे चेतना कोणाची? यंत्राला ती नाही. मूळ व्यक्तीने ते वाक्य उच्चारलेलेच नाही. उरतो तो, ज्याने सामग्री निवडली, यंत्र बोलते केले आणि त्या बोलण्यावर दुसऱ्याचे नाव घातले. चोरीचा आंबा त्याच्या हातात आहे.

तामिळनाडूत हे प्रत्यक्ष घडले. माजी मुख्यमंत्री एम. करुणानिधी ७ ऑगस्ट २०१८ रोजी निधन पावले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या पक्षातील एका ज्येष्ठ नेत्याच्या पुस्तक प्रकाशनाच्या समारंभात ते काळा चष्मा व पिवळी शाल अशा परिचित वेषात पडद्यावर अवतरले, बोलले आणि आपल्या पुत्राच्या, म्हणजे तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या, कारभाराची त्यांनी प्रशंसा केली. श्रोत्यांना हे यंत्राने घडविलेले आहे हे ठाऊक होते, म्हणून फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. पण प्रशंसा कोणी केली? मृत पित्याने पुत्राविषयी काय म्हटले असते हे ठरविण्याचा अधिकार पुत्राच्या पक्षाकडे गेला, आणि 'मी असे म्हटले नसते' असे सांगू शकणारा एकमेव माणूस सभागृहात नव्हता.

जिवंत माणसांच्या जुळ्यांविषयीचा एक मोठा अभ्यास नोव्हेंबर २०२४ मध्ये पुढे आला. जून सुंग पार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,०५२ अमेरिकन व्यक्तींच्या प्रत्येकी दोन तासांच्या मुलाखती घेतल्या, मुलाखत घेणाराही संगणकच, आणि त्या आधारे प्रत्येकाचे जुळे तयार केले. सामाजिक मतांविषयीच्या ठरीव प्रश्नावलीस जुळ्यांनी दिलेली उत्तरे ८५ टक्के अचूक ठरली, अशी त्याची प्रसिद्धी झाली. हा आकडा समजून घ्यावा लागतो. त्याच व्यक्तींना दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा दिली असता त्यांची स्वतःची उत्तरे पहिल्या उत्तरांशी सुमारे ८१ टक्केच जुळली. जुळ्यांची उत्तरे सुमारे ६९ टक्के जुळली. ६९ ला ८१ ने भागले की ८५ येतात. म्हणजे अवघ्या चौदा दिवसांत माणसाने आपली जवळजवळ पंचमांश उत्तरे बदलली, आणि हा बदल गणितात मोजमापाची त्रुटी म्हणून जिरवून टाकण्यात आला. त्यात विसरभोळेपणा असेल, कंटाळाही असेल. पण त्यात मतपरिवर्तन मुळीच नसेल, असे कशावरून? ज्या दोन आठवड्यांत एखाद्याने काही वाचले, कोणाशी वाद घातला, मुलाच्या प्रश्नाने निरुत्तर झाला, त्या दोन आठवड्यांतच तर माणूस राहतो.

हा प्रश्न आपल्या दारात केव्हाच आला आहे. आमच्या विहारातील अभ्यासवर्गात एका तरुणाने मोबाइलवर एक उत्तर वाचून दाखविले. भाषावार राज्यरचनेविषयी त्याने प्रश्न विचारला होता आणि यंत्राने बाबासाहेबांच्या वतीने, 'मी' असा प्रयोग करून, उत्तर दिले होते. भाषा गंभीर होती, युक्तिवाद नेटका होता, वर्ग प्रभावित झाला. मागच्या बाकावरील एका महाविद्यालयीन मुलीने तेवढ्यात विचारले, "सर, हा 'मी' कोणत्या सालातला?"

तिच्या प्रश्नाला यंत्राकडे उत्तर नव्हते. ते महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस'च्या पहिल्या खंडात होते. त्या एकाच खंडात दोन निबंध आहेत. १९४८ मध्ये भाषावार प्रांतरचना आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी मुंबईसह एकसंध महाराष्ट्राची बाजू मांडली. १९५५ च्या 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' या ग्रंथात त्यांनी मराठी प्रदेशाची चार राज्ये सुचविली आणि मुंबई शहर त्यांतील एक ठेवले. यंत्राने दोन्हींची सरमिसळ करून असे एक मत तयार केले होते, जे बाबासाहेबांचे १९४८ मध्ये नव्हते आणि १९५५ मध्येही नव्हते. संयुक्त व विभक्त मतदारसंघांचेही असेच आहे. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढील निवेदनात प्रौढ मतदानाबरोबर संयुक्त मतदारसंघ व राखीव जागा, १९३१ मध्ये गोलमेज परिषदेत विभक्त मतदारसंघ, १९३२ मध्ये पुणे करार, १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये पुन्हा विभक्त मतदारसंघ. यांतील प्रत्येक भूमिकेमागे त्या वेळची परिस्थिती, त्या वेळचे प्रतिपक्षी आणि आपल्या समाजाचे त्या वेळचे हित होते. वर्ष वगळले की विचार उरत नाही, नुसते शब्द उरतात.

आणि बाबासाहेबांनी या बदलाचे समर्थन स्वतःच करून ठेवले आहे. 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स'च्या प्रस्तावनेत, आपल्या मतांत टीकाकारांना विसंगती आढळेल हे ओळखून, त्यांनी एमर्सनचा हवाला दिला आणि सांगितले की सुसंगतीपेक्षा जबाबदारी मोठी. जबाबदार माणसाच्या अंगी शिकलेले विसरण्याची, पुन्हा विचार करण्याची व मत बदलण्याची हिंमत असली पाहिजे. अर्थात बदलास पुरेसे कारण हवे, असेही त्यांनी बजावले. डिजिटल ट्विनवर याहून नेमकी टीका प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही, आणि ती संगणक आपल्या घरात येण्याच्या कितीतरी आधीची आहे. यंत्राची कसोटी सुसंगती हीच असते; आधीच्या शब्दांशी जे जुळेल ते बरोबर. १९४८ च्या लेखनावर घडविलेले यंत्र १९५५ चा ग्रंथ 'चूक' ठरवील. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेपूर्वीच्या लेखनावर घडविलेल्या यंत्राला १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस सुचणार नाही.

मग अशी यंत्रे वापरूच नयेत काय? एवढे कठोर मत प्रस्तुत लेखकाचे नाही. बाबासाहेबांच्या लेखनाच्या खंडांतून नेमके पान शोधून देणारे यंत्र विद्यार्थ्याला उपकारक आहे. जपानमधील क्योतो विद्यापीठात सेइजी कुमागाई यांनी २०२१ मध्ये 'बुद्धबॉट' नावाचे यंत्र सादर केले. ते आरंभी प्रश्नाच्या उत्तरादाखल सुत्तांतील वचनच देत असे, पुढे २०२३ च्या आवृत्तीत त्यावर यंत्राचे विवेचनही जोडले गेले. पहिले काम ग्रंथपालाचे आहे, दुसरे भाष्यकाराचे. 'मी' म्हणून बोलणे हे तिसरेच काम. या तिन्हींतील सीमारेषा पुसली जाणे हे आक्षेपार्ह आहे.

आपल्या परंपरेला हा पेच नवा नाही. तथागतांचे वचन प्रथम भाणकांच्या मुखातून आले आणि त्यात चुकीचे कथन शिरले, हे बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये स्पष्ट नोंदविले आहे. जी मते आपली नाहीत ती आपल्या नावावर घातली जात आहेत, असे भगवंतांनी हयातीतच सांगितल्याचे पाच प्रसंग त्यांनी तेथे दिले आहेत. हयातीत खुलासा करणारे तथागत समोर होते. नंतरसाठी महापरिनिब्बान सुत्तात महापदेस दिले आहेत: 'हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले' असे कोणी म्हटले तरी ते लगेच स्वीकारू नये, लगेच धिक्कारूही नये, सुत्त व विनय यांच्याशी पडताळून पाहावे. बाबासाहेबांनी त्यापुढे आपली कसोटी घातली: जे बुद्धिसंगत नाही आणि ज्याचा मनुष्याच्या कल्याणाशी संबंध नाही, ते बुद्धवचन मानता येणार नाही. मुखातून ऐकल्याच्या साक्षीलाही जेथे पडताळणी चुकली नाही, तेथे मुखच नसलेल्या यंत्राची काय कथा?

डेनेट यांना ही गोष्ट अखेरीस उमगली होती असे दिसते. आपल्या प्रतिकृतीस संमती देणाऱ्या या तत्त्वज्ञाने मे २०२३ मध्ये 'द अटलांटिक' मासिकात बनावट माणसांविरुद्ध लेख लिहिला. खोट्या नोटा छापणे व चालविणे हा जसा गुन्हा, तसाच खोटी माणसे घडविणे व त्यांना खरी म्हणून चालविणे हाही गुन्हा मानला जावा, अशी त्यांची मागणी होती. १९ एप्रिल २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. यंत्राच्या कोणत्या उत्तराखाली आपण सही करू व कोणत्या नाही, हे सांगणारा माणूस त्या दिवशी गेला. त्यानंतर त्या यंत्राची परीक्षा घेणे शक्य राहिले नाही.

आमच्या अभ्यासवर्गात सध्या पहिल्या खंडातील ते दोन्ही निबंध शेजारी शेजारी ठेवून वाचले जात आहेत. १९४८ आणि १९५५ यांमधील सात वर्षांत काय घडले, याची टिपणे काढण्याचे काम त्या मुलीकडे आहे.